घारी कोणी खाऊ घातली?

कुत्रं ओकतंय म्हणून कोणी बोलवायला आलं, की मावशी त्यांच्या दाराशी आधी चपला काढायची, जणू देवळातच शिरायचंय. मग कुत्र्यापुढे उकिडवी बसायची, त्याचा ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबायची आणि मालकाकडे न बघताच विचारायची, "खादं काय?"

"काहीच नाही, मावशी."

"काहीच नई? मंग हवा ओकना का?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मावशी मूळची खानदेशची, बोली अहिराणी; सुरतेत नवागामच्या चाळीत आमच्यापासून दोन खोल्या सोडून ती राहायची. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची, आणि वीस वर्षं टेबलाखाली झाडता झाडता टेबलावरचं सगळं तिने बघून ठेवलं होतं. पण कोणी 'डॉक्टरीणबाई' म्हटलं की चिडायची. "मी डाक्टर नई शे. मी फक्त इचारनारी."

तिचा इलाज साधा. थोडा वेळ उपास, चमच्याचमच्याने पाणी, ओकणं थांबलं की मऊ भात. रक्त दिसलं की मात्र एकच शब्द, "दवाखाना."

खरी गंमत तिच्या विचारण्यात होती. तुम्हीही पाहिलं असेल, जनावराने काय खाल्लं हे माणसं कधी खरं सांगत नाहीत. समोरचे माळकरी आजोबा मांजर ओकतंय म्हणून बोलवायला आले. "आमच्या घरात दूधभाताशिवाय काही नसतं," म्हणाले. मावशीने काडीने ओकारी उकरली आणि माशाचा काटा उचलून उजेडात धरला.

"आजोबा, तुमना भातले काटा शे."

आजोबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत सूनबाई एकाएकी फार जोरात भांडी घासू लागल्या.

चाळीत एक कुत्रा होता, साहेब नावाचा. राहायचा आमच्या दाराशी, पण माझे वडील त्याला उंबरा ओलांडू देत नसत. ते लूमच्या कारखान्यात जॉबर. चाळीस माग ज्यांच्या धाकात चालतात, त्यांनी कुत्र्याचे लाड करायचे म्हणजे काय!

शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडवा असतो. त्या संध्याकाळी सगळी सुरत अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर बसून घारी खाते. आत मावा, बदाम-पिस्ते, वर तुपाचा असा थर, की बोट रुतावं. एका वर्षी पडव्याच्या दुसऱ्या सकाळी साहेब पाच वेळा ओकला, आणि मग जुलाबात रक्त दिसलं. आईने मला मावशीकडे पळवलं.

मावशीने त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना. मावशीचा चेहरा बदलला.

"खादं काय?"

आई नाही म्हणाली. मी नाही म्हणाले. वडील दारात दाढी करत होते. "मला काय विचारता? मी त्या कुत्र्याकडे बघतसुद्धा नाही."

"मानूस खोटं बोलस, पोट नही बोलस," मावशी ओकारीत काडी फिरवत म्हणाली. "हाई तूप शे. हाऊ पिस्ता शे."

वडिलांचा वस्तरा थांबला. "अर्धी दिली होती."

मावशी नुसती बघत राहिली.

"एक."

तरी ती बघतच होती.

"चार," वडील म्हणाले.

"चार?" आई ओरडली. "डबा कारखान्यात वाटला म्हणालात ना!"

"आता दवाखाना," मावशी म्हणाली, आणि भांडण तिथेच थांबलं. एका गालाला साबण तसाच ठेवून वडिलांनी साहेबाला आपल्या टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही रिक्षात बसलो.

डॉक्टरांनीही तेच विचारलं. बाकावर पंधरा माणसं बसलेली. वडील खणखणीत आवाजात म्हणाले, "घारी. चार. मीच दिल्या."

पोटाला आणि आतड्यांना सूज आली होती. अंगातलं पाणी संपलं होतं, सलाईन लागणार होतं. बाटली अडकवायचा स्टँड दुसऱ्या कुत्र्याकडे गेला होता, म्हणून वडील हातात बाटली धरून दोन तास उभे राहिले. मावशी त्यांच्या पायांभोवती झाडू फिरवत होती. "जॉबर, हात खाली येऊन राह्यना!"

बऱ्याच वेळाने वडील हळूच म्हणाले, "वाचेल ना हो?"

मावशीने झाडू भिंतीला टेकवला. साहेबाच्या पोटावर हात ठेवून टेबलाशी उभी राहिली. आतून तिला तीनदा हाक आली, ती हलली नाही. बाटली संपेपर्यंत तशीच.

तिसऱ्या दिवशी साहेबाने भात खाल्ला, आमच्या स्वयंपाकघरात, वडिलांच्या पाटाशेजारी बसून. तेव्हापासून मावशीला कुठून बोलावणं आलं की वडीलही मागोमाग जायचे आणि मालकाला बाजूला घेऊन समजवायचे, "सांगून टाका. मीसुद्धा तिच्यापुढे टिकलो नाही."

काही वर्षांनी मावशी निवृत्त झाली आणि अमळनेरला बहिणीकडे राहायला निघाली. मी उधना स्टेशनवर सोडायला गेले. साहेब आणि चाळीतली आणखी दोन कुत्री आमच्या मागोमाग थेट फलाटावर आली. ती त्यांच्यावर चिडली. "घर जा! मना मांगे काय शे?" गाडी हलली, तरी खिडकीतून त्यांना रागवायला काढलेला हात तिने आत घेतला नाही.

गाडी दिसेनाशी झाली. तिन्ही कुत्री रुळांकडे तोंड करून बसून राहिली. काठी आपटत एक हवालदार आला. "ये कुत्ते किसके हैं?"

तोवर असा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता.

"आमची," मी म्हणाले.