शी म्हण गो

मंदा गेली त्या दिवशी संध्याकाळी नातवानं मला त्याचा मोबाइल दाखवला. तोही तिच्याकडेच शिकलेला. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "मंदा मॅडम वैश्विक ऊर्जेत विलीन झाल्या." खाली जोडलेले हात, पणत्या, कमळं. मी मोबाइल त्याच्या हातात परत दिला. जन्मभर बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात दोन खोल्यांत बाईनं पोरांना बायोकेमिस्ट्री शिकवली, ऊर्जा म्हणजे काय ते घसा फोडून सांगितलं, आणि त्याच पोरांनी तिचा शेवट असा अगरबत्तीच्या जाहिरातीसारखा करावा! तिनं वाचलं असतं तर विचारलं असतं, "कुठल्या बंधातली रे ही ऊर्जा? एकक सांग."

आमची ओळख उल्हासनगरच्या कॉलेजातली. मी अंबरनाथची, वडील कारखान्यात हेडक्लार्क, आणि मी स्वतःला इतकी नाजूक समजत असे की रुमालावर अत्तर टाकून लॅबमध्ये जायची. मंदा बेलवलीची, भातशेतीच्या घरातली. म्हशींचं शेण काढून कॉलेजला यायची. थुंकी स्टार्चचं काय करते ते बघण्याचं प्रॅक्टिकल होतं. टेस्टट्यूबमध्ये ज्यानं त्यानं आपापलं थुंकायचं. शी! आणि समोर ते देखणे डेमॉन्स्ट्रेटर. मी राणीसाहेब ट्यूब ओठांशी धरून उभी, तोंडाला कोरड. मंदानं ट्यूब ओढली, पाठ फिरवली आणि परत दिली. "घे. एन्झाइमला काय ठाव, कोणाच्या तोंडातलं ते." आयोडिन टाकल्यावर माझ्या ट्यूबमध्ये निळा रंग आला नाही, म्हणजे स्टार्चची साखर झालेली. सर 'व्हेरी गुड' म्हणाले आणि मी लाजले. दुसरीच्या थुंकीवर लाजणारी बावळट मुलगी जगात मी एकटीच असेन.

पुढे मी बदलापुरातच शिरगावात संसाराला लागले, ती शिकवण्यांना. तिचं शिकवणं म्हणजे घाणीचं प्रदर्शन. केस जाळून वास घ्यायला लावायची, का तर प्रोटीनमधलं गंधक कळावं. खवट तेल नाकाशी धरायची, का तर फॅट तुटलं की कसं कळतं ते समजावं. खाटकाकडून आणलेल्या कलेजीवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायची. ते फसफसून वर यायचं आणि भेटायला गेलेली मी दारातच नाकाला पदर लावून बसायची. ती म्हणायची, देह म्हणजे विटांचं बांधकाम. साखर, मेदाम्लं, अमिनो आम्लं, न्यूक्लिओटाइड, एवढ्यात सगळं आलं, अत्तरवाली तू पण आणि ही कलेजी पण. ऊर्जेचा धडा आला की घराच्या उंबरठ्याकडे बोट दाखवायची. साखर जळून ऊर्जा द्यायला तयारच असते, पण डब्यात वर्षानुवर्षं नुसती बसून राहते, कारण मध्ये उंबरठा आहे. एन्झाइम तिला ढकलत नाही. उंबरठाच खाली आणतं.

मग तिच्या आतड्याला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, विष्ठेसाठी पोटाला पिशवी लागली. देखभालीला ठेवलेली बाई आठवडाभरात पळाली. शेजारी राहणाऱ्या पुतण्याची बायको मास्क लावून यायची, हसून म्हणायची, "काही वास नाही हो आत्या," आणि हळूहळू यायचीच बंद झाली. पिशवी बदलायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मीसुद्धा ओठ मिटून, डोळ्यांत पाणी आणून, गौरीच्या मुखवट्यासारखी हसत बसले. मंदानं माझं मनगट धरलं.

"शी म्हण गो."

"काहीतरीच काय तुझं."

"हसून आली ती सगळी गेली. तू दाबून ठेवशील, तर तू पण यायची बंद होशील. मग माझं कोण करील?"

एवढं बोलली आणि लगेच मास्तरीण झाली. म्हणाली, शी म्हटलं की उंबरठा खाली येतो, तेव्हा मोठ्यानं म्हण.

मी म्हटलं, ते इतक्या मोठ्यानं की गल्लीतलं कुत्रं भुंकलं. मग ते रोजचंच झालं. मी म्हणायची, शी, काय खाल्लंस गं मेले; ती म्हणायची, तूच आणलेली खिचडी. किळस कमी झाली असं खोटं मी लिहिणार नाही. घाण ती घाणच. शेवटपर्यंत घरी येऊन मी कोपरापर्यंत हात घासत होते. पण जात होते.

शेवटी शेवटी ती फार वाळली. एका सकाळी पिशवी बदलताना माझ्या तोंडून 'शी'च फुटेना. तिनं डोळे उघडले.

"आज गप्प? उद्या येणार नाहीस?"

"येणार. उद्याची साठवून ठेवतेय."

ती हसली की कळ आली, कळलं नाही...

दुसऱ्या दिवशी गेले तर ती पहाटेच गेलेली. दाराबाहेर बायका जमल्या होत्या. पदर नाकाला, आणि पदराआडून, "किती शांत दिसतात ना." पिशवी तशीच, चादर खराब झालेली. आंघोळ कुणी घालायची म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. पुतण्याची बायको माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मावशी, रडा मोकळेपणानं."

मी पदर खोचला, मोठ्यानं "शी" म्हटलं आणि आत गेले.