वाळलं झाड तोडलं आणि पाणकावळे पाळीवर आले

गावकरी मंडळींनो, चावडीच्या भिंतीवर हा कागद लावतो आहे. येता-जाता थांबून वाचा.

तलावातल्या टेकाडावरचं वाळलं झाड तुम्हाला ठाऊकच आहे. पाणकावळ्यांनी शिटून शिटून ते मारलं. दिवसभर आपले मासे खायचे आणि संध्याकाळी शेकड्यांनी तिथं बसायचे. झाडच नसलं तर पक्षी निघून जातील, असं बैठकीत मीच म्हटलं. आज सकाळी आपण ते तोडलं.

संध्याकाळी थवा परत आला. रिकाम्या टेकाडावर त्यानं घिरट्या घातल्या, मग एकदम वळला आणि तलावाचं पाणी अडवणाऱ्या पाळीवरच्या हिरव्यागार जांभळींवर उतरला. एकही जांभूळ सुटली नाही! मी काठाकडे धावलो.

तिथं सुखराम ढिवर मासेमारीचा डोंगा काठाला बांधत होता. म्हणाला, "बुढ्या, मेलेल्या झाडाले ते आणखी काय मारणार होते? काऊन तोडाले लावलं?"

"मंग तवाच सांगाचं होतं ना!"

"सांगतलं होतं. तुनं म्हटलं, ढिवराले मासे समजतात, झाडं नाही."

खरं आहे. मी असं बोललो होतो, बैठकीत सगळ्यांसमोर, आणि लोक त्याला हसले होते.

आता या जांभळी वाळल्या तर पाळ कशानं टिकेल? माती त्यांच्याच मुळांनी धरली आहे, आणि पाळीखाली आपल्या सगळ्यांची धानाची शेतं आहेत. आता काय करायचं, हे विचारायला उद्या सकाळी मी सुखरामच्या घरी जाणार आहे. त्या दिवशी त्याला हसलेल्यांपैकी माझ्यासोबत कोण येतो?