घरट्याखालचे धागे

मला किळस लवकर येते. याला दुखणं म्हणा नाहीतर खोड म्हणा, लहानपणापासून आहे. साड्यांच्या शहराच्या कडेला, नवागामात एका खोलीत आम्ही सात जण राहायचो आणि मी ताटातला केस बघून उठायचे, तेव्हा आई म्हणायची, "हाई राजानी पोर कोना घर जाई?" राजाच्या घरी काही गेले नाही. शेजारच्याच डिंडोलीत गेले, साड्यांचे धागे कापणाऱ्या माणसाच्या घरी.

मी स्वतः साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढते. दिव्यांच्या झोतात मुली उभ्या करायच्या, पदर पसरवून घ्यायचा, हस म्हणायचं, आणि संध्याकाळी कंप्युटरवर त्यांची कातडी घासून घासून प्लास्टिकची करायची. एखादीच्या हनुवटीवर गोड तीळ असला तरी मार्केटातला साडीवाला शेठ म्हणणार, "बेन, आ डाग काढी नाखो." मी पुसते. पोट आहे. पण रोज असं तोंड पुसून पुसून हाताला एक घाण चिकटल्यासारखी वाटते, ती साबणाने जात नाही. म्हणून मी सुट्टी मिळाली की जंगलात जाते.

डांगच्या वाटेवर एक राष्ट्रीय उद्यान आहे. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की रविवारी आणखी गाड्या येतील, आणि आधीच्याच मला सहन होत नाहीत. गाडीतून उतरल्याबरोबर लोक ढोकळ्याचे डबे उघडतात, चटणीचे पुडे साल वृक्षाखाली टाकतात असं मी लिहिणार होते, पण तिथे साल नाहीत, साग आहेत; चटणी मात्र आहे. आमच्या मार्केटातल्या फोटोवाल्यांचा एक ग्रुपही तिथे येतो. गळ्यात माझ्या स्कूटरपेक्षा महाग लेन्स. मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा, बिचारा पक्षी आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून धावत आला की खटाखट खटाखट. एकदा त्यांच्यातल्या एकाने घुबड दिसावं म्हणून पिंजऱ्यातला पांढरा उंदीर आणून सोडला होता. उंदीर बावळटासारखा तिथेच बसून राहिला आणि घुबड आलंच नाही. मला त्या उंदराकडे बघून उलटी यायची बाकी राहिली.

तरी जायचे. हिवाळ्यात तिथल्या कॅम्पच्या मैदानावर तिपाई लावून आकाशाचे फोटो काढायचे. मृग नक्षत्र टेकडीवर चढतं आणि दहिवर पडून लेन्स ओली होते, ती पुसत बसायचं. पश्चिमेच्या काठाला फोटोत दर वेळी एक पिवळट पट्टा येतो. तो आमचा. आमच्या गावांचा, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसांचा, हायवेच्या दिव्यांचा. मी तो कधी पुसला नाही. शेठने एकदा बघून विचारलं होतं की आ शुं छे. मी म्हटलं, तुमचं ऑफिस आहे. त्याला ती गंमत वाटली.

नवरा माझ्याबरोबर येतो तो ड्रायव्हर म्हणून. त्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही आणि ताऱ्यांचा कंटाळा येतो. तो सीट मागे टाकून झोपतो. माणूस म्हणून वाईट नाही. त्याच्या धागे कापायच्या कारखान्यातल्या बायका त्यालाच शेठ म्हणतात आणि सांगतात की आमच्या शेठनी नजर चांगली शे. पण त्याचा एक रोग आहे. मशीनचं वर्क केलेल्या साडीला मागून धागे लोंबतात, ते कापून साडी साफ करायची, हे त्याचं पिढीजात नसलं तरी आता रक्तात गेलेलं काम. खिशात कायम कटर, ती बोटांत धरायची छोटी कात्री. लग्नात समोरच्या बाईच्या ब्लाउजला धागा दिसला की याचा हात खिशाकडे जातो. माझ्या मामेबहिणीच्या हळदीत त्याने नवरीच्या पदराचा धागा कापला आणि फोटोत सगळ्यांच्या मध्ये हा वाकलेला आला. लोंबणारा धागा त्याला बघवत नाही. मला केस बघवत नाही, त्याला धागा. रामाने जोडी बरी जमवली.

त्या उन्हाळ्यात मला घरटं सापडलं. जूनमध्ये जंगलाचा दरवाजा बंद होतो, त्याच्या थोडं आधीचे दिवस. कॅम्पच्या मागे ओढा आहे, तो आटून डबकी राहिली होती, आणि ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला एका लहान झाडाच्या बेचक्यात, हात वर केला तर पोचेल एवढ्या उंचीवर, स्वर्गीय नर्तकाचं घरटं. नाव असं की एखाद्या ऑर्केस्ट्राचं वाटावं. पण नर पांढराशुभ्र, काळं डोकं, आणि मागे दोन लांब पांढऱ्या फिती. तो घरट्यात बसला की फिती बाहेर लटकत राहतात. घरटं गवताच्या काड्यांचं, वाटीएवढं, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं. खाली त्याच जाळ्यांचे, साली-मुळांचे धागे लोंबत होते. आत तीन पिल्लं. आणि समोरून मोठमोठी पानं अशी आली होती की डोकावल्याशिवाय काहीच दिसू नये.

मी कोणाला सांगितलं नाही. ग्रुपला तर नाहीच. माझ्या मनात एकच गोष्ट होती, ही तीन पिल्लं दरवाजा बंद होण्याआधी उडावीत आणि ती उडताना मी तिथे असावं. फोटो मी लांबून काढले. प्रत्येक फोटोत पान आडवं. एक डोळा, अर्धी चोच, पांढऱ्या फितीचा तुकडा. मला तसेच आवडले. कुणी पुसलेलं नाही, कुणी पसरून उभं केलेलं नाही.

नवऱ्याला मात्र दाखवलं. नवरा आहे, कुणाला सांगणार, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. उन्हं चढत होती. माझी बॅटरी उतरली म्हणून मी गाडीकडे गेले आणि चौकीदाराशी पाण्याच्या टाकीवरून दोन शब्द बोलत बसले. परत आले तर नवरा घरट्याखाली, टाचा उंचावून, मोबाईल वर धरून उभा. पायाशी हिरवी पानं पडलेली. कटर अजून बोटात.

"हाई काय करं तुम्हीन?"

"साफ करी दिधं," तो म्हणाला. चेहरा इतका खूश की बघवेना. "पानं आड येतंतं ना तुन्हा फोटोमा. आते देख, कसं चकाचक दिखस."

पानं तर गेलीच होती. घरट्याखालचे धागेही त्याने सफाईने कापले होते, एका पातळीत, साडीसारखे. त्यातला एखादा फांदीला धरून असावा, कारण घरटं एका बाजूला किंचित कलंडलं होतं. आणि त्या वाटीत सरळ, डोक्यावरून, मे महिन्याचं ऊन पडलं होतं. आत तीन चोची उघड्या. इतक्या रुंद उघडलेल्या की आतला लाल घसा दिसत होता.

मला माहीत होतं त्या चोची कशाला उघड्या आहेत. पाखराला घाम येत नाही. कुत्रं जीभ काढतं तशी ती चोच उघडून धापा टाकतात.

मी त्याला दंडाला धरून ओढत ओढ्यापलीकडे नेलं. चौकीदार आला, बघून त्याने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, आता हात लावू नका, माणूस लांब गेलं तरच माय येईल. माय आली. मी लेन्समधून बघितलं, कारण लांबचं बघायला माझ्याकडे दुसरं काही नाही. ती घरट्याच्या काठावर उभी राहिली आणि तिने दोन्ही पंख पसरले. पिल्लांवर सावली धरली. दुपारभर ती तशीच उभी होती, तिचीही चोच उघडी. सावली धरायची तर चारा आणायला जाता येत नाही आणि चारा आणायचा तर सावली जाते. नर दोनदा चोचीत काहीतरी घेऊन आला, पण उघड्यावरच्या घरट्याकडे यायला कचरला आणि परत गेला. माझं बोट बटणावर होतं. दाबवलं नाही.

"वाचतील की," नवरा मागून म्हणाला. मला त्याच्या आवाजाचीसुद्धा शिसारी आली. तो चहाला म्हणून रस्त्यावर गेला आणि बराच वेळ आला नाही.

रात्री आम्ही कॅम्पवरच राहिलो. सकाळी घरटं रिकामं होतं. वाटी अजून कलली होती. टकाचोर पक्षी वरच्या फांदीवर बसून मोठ्याने ओरडत होता, पोट भरल्यावर ओरडतात तसा. एक पिल्लू त्याच्या तावडीतून सुटून खाली पडलं होतं. त्याच्या चोचीत मुंग्या येत-जात होत्या. मी ते उचललं नाही. मला खरोखर उचलवलं नाही, आणि त्याबद्दल माझी मलाही किळस आली.

परतताना हायवेला रेंज लागली आणि नवऱ्याचा मोबाईल टुणटुण वाजायला लागला. थांबेना. काल चहाला गेला होता तेव्हा त्याने पिल्लांचा फोटो फॅमिली ग्रुपवर आणि मार्केटच्या ग्रुपवर टाकला होता. जवळून, पान नाही, धागा नाही, तीन लाल घसे अगदी समोर. अंगठे, हृदयं, हात जोडलेले. वहिनींचा मेसेज, किती गोड, भूक लागली वाटतं बाळांना. शेठने तर व्हॉइस पाठवला, "अरे वाह, आ तो गीत गाय छे!" नवरा गाडी चालवता चालवता ऐकत होता. मी त्याला सांगितलं की मेली ती. पानं कापलीत म्हणून मेली. तो म्हणाला, टकाचोरनी खादं, मी काय करू, जंगलमा असंच ऱ्हास. त्यानंतर या विषयावर मी त्याच्याशी बोलले नाही. चोचींचं खरं काय ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पाऊस लागला, जंगल बंद झालं. मार्केटातल्या शेठने नवऱ्याचा तो फोटो साडीवर छापायचं ठरवलं. नवऱ्याला विचारलं, नवऱ्याने आनंदाने हो म्हटलं. मला सॅम्पल दाखवलं तेव्हा मी फक्त एवढंच म्हटलं की छान आहे. पिस्ता रंगाची जमीन, काठाला ती पिल्लं, एकाला एक जोडून सगळ्या काठभर, पदरावर मोठी. डिझाइनला नावही दिलं होतं, चिवचिवाट की काय. वर मशीनचं वर्क, सोनेरी पानं. म्हणजे त्याने कापलेली पानं यांनी सोनेरी करून परत लावली. मला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. कॅटलॉगचे फोटो मीच काढले. मुलगी पदर पसरून उभी, आणि मी म्हणतेय हस.

वर्क म्हटलं की धागे लोंबणार, आणि धागे म्हटले की डिंडोली. दिवाळीआधीच्या गर्दीत तो लॉट आमच्याच कारखान्यात आला. मी डबा द्यायला गेले होते. बायका मांडी घालून बसलेल्या, कुणी म्हणत होती, "कितला गोड शेतस वं!" नवरा नेहमीसारखा पहिला पीस स्वतः कापायला बसला होता, बाकीच्यांना दाखवायला. साडी उलटी मांडीवर, मग सुलटी केली. त्याच्या दोन्ही गुडघ्यांवरून तो काठ गेला होता, उघड्या चोची, उघड्या चोची, पार जमिनीपर्यंत. तो बराच वेळ बघत राहिला.

"त्या भुक्या व्हतात ना?" त्याने मला विचारलं. मान वर न करता.

मी तेव्हा गोड काहीतरी बोलू शकले असते. बायका ऐकत होत्या.

"नही," मी म्हटलं. "ऊन लागी राह्यंतं तेस्ले."

त्याने कटर खाली ठेवला. मग साडीची घडी घातली, हळूहळू, काठ आत जाईल अशी. बायकांनी विचारलं, शेठ, काय झालं, कापायचं ना? तो म्हणाला, नको. बांधा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लॉट न कापता, तसाच बांधून मार्केटात परत गेला. मार्केटातून फोन आले, शिव्या आल्या, मग पुढचं काम दुसरीकडे गेलं. त्याने कुणाला कारण सांगितलं नाही.

मला त्याचं कौतुक वाटलं असं नाही. कौतुक वाटायला ती पिल्लं असायला हवी होती. पण त्या दिवाळीत पिस्ता रंगाची ती साडी नेसून शेजारीण फराळाला आली. काठाखाली धागे लोंबत होते, चांगले बोटबोटभर. ती नवऱ्याच्या पुढ्यात बसून चकली खात होती. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, तिथेच थांबला आणि मग तो हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला, ती उठून जाईपर्यंत.