मामीच्या माहेरचं

जगातला एकूण एक गुण आपल्या माहेरातून निघाला आणि एकूण एक अवगुण इतरांच्या घरून आला, यावर माझ्या मामीइतका गाढ विश्वास असलेलं माणूस अख्ख्या बडोद्यात सापडायचं नाही. नातीचे केस दाट, ते बडोद्याच्या महाराजांच्या फौजेत असलेल्या मामीच्या आजोबांचे. दात पुढे, ते मामाच्या घराण्याचे. मामाला साधी सर्दी झाली तरी म्हणते, "तुमच्याकडे सगळ्यांची नाकंच तशी!" घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या तिच्या ओट्यावर कुणी बाळ आणलं, की हनुवटी धरून ती वाटणी करते. शेजारच्या कोकिळाबेनचा नातू असला, तरी एखादी भुवई मामीच्या माहेरी जमा होतेच. रेल्वेतून निवृत्त झालेला मामा म्हणतो, "माझं म्हणून या घरात फक्त पेन्शन आहे."

गेल्या वर्षी मात्र गंमत आटली. तिसरीतली नात ईरा वाचताना फार अडखळायची. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. तपासणाऱ्या बाईंनी समजावलं, "पुष्कळांना असतो. मुलांना असतो तसा मुलींनाही. हुशारीशी याचा संबंध नाही. बरेचदा घराण्यातूनच येतो." शेवटचं वाक्य ऐकून सुनेचा चेहरा पडला. आता हे कुणाच्या माथी बसणार, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सगळे जेवायला जमलो आणि माझ्या आईने, म्हणजे मामीच्या नणंदेने, विचारलंच, "सूनबाईच्या माहेरी आहे का गं कुणाला असं?" पोळी वाढणारी सून जागीच थांबली.

"तिच्या माहेरचं काय विचारता, वन्सं? हे माझ्याकडचं आहे," मामी ताडकन म्हणाली. "मला तरी कुठे धड वाचता येतं? भाऊसुद्धा तसाच. त्याला शिकवण्या लावल्या, मला ढ म्हणून सातवीतून घरी बसवलं." मग ईराला जवळ ओढून म्हणाली, "तू माझ्यावर गेलीस, दीकरा. गभरायचं नाही."

मामा घास हातात धरून बघतच राहिला. "अगं, लग्नापासून रोज पेपर वाचून दाखवतोय तुला! मला वाटलं, तुला माझा आवाज आवडतो."

"तोही आवडतो," मामी म्हणाली आणि लाजली. सून हसता हसता डोळे पुसत होती.

माझ्या मनातून मात्र एक गोष्ट जाईना. ज्या माहेराचे मामीने जन्मभर गोडवे गायले, त्यानेच तिला ढ ठरवलं होतं. तिच्या लहानपणी तिलाही ईराला तपासणाऱ्या बाईंसारखं कुणी भेटायला हवं होतं.