अर्ध्या कोयत्याचा आयकॉन

"ताई, तुमचं ॲप लई रडतंय. आता समीर सरांकडून करून घेतो," उत्तमराव मुकादम माझ्याच ऑफिसात, माझाच चहा पीत म्हणाले.

समीर माझा आतेभाऊ. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम बीडमध्ये घरी बसून. मी झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करता करता वेबसाइट बनवायला शिकले आणि आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. तरी मुकादमांच्या तोंडी मी 'ताई' आणि तो 'सर'. हे तेव्हाही झोंबलं, आजही झोंबतं.

ॲप ऊसतोड टोळ्यांचं होतं. कोणती टोळी, त्यात कोण, कोणत्या ट्रकने निघणार, एवढंच. शिवारात उभं राहून वाचायला कुणाला सवड नसते, म्हणून सगळा कारभार छोट्या चित्रांवर, म्हणजे आयकॉनवर. प्रत्येक आयकॉनची वेगळी फाइल. माझ्या ऑफिसातल्या पोरींनी प्रत्येक स्क्रीनच्या फोल्डरमध्ये त्याच फाइली पुन्हा पुन्हा कॉपी केल्या होत्या. निळा ट्रक वेगळी फाइल, काळा ट्रक वेगळी. दिंद्रुड गावाच्या पुढे रेंज ढिली. मोबाइल एकेक फाइल मागवत बसायचा आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे.

समीरने सगळी चित्रं एकाच फाइलीत आणली आणि 'आयकॉन' नावाचा एकच कंपोनंट केला. कंपोनंट म्हणजे एकदा बनवून हवा तिथे वापरायचा तुकडा, विटेच्या साच्यासारखा. त्याला नाव, साइज आणि रंग सांगायचा, चित्र हजर. उरलेल्या कॉप्या त्याने झाडून टाकल्या.

"बघा ताई, कसं पळतंय!" उत्तमरावांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. खरंच पळत होतं. मी "छान" म्हटलं आणि दिवसभर पोरींवर खेकसत राहिले.

मग टोळी निघायच्या दिवशी सकाळी उत्तमरावांचा फोन आला. मागे नुसता कालवा.

"ताई, ट्रक उभा हाय आन् बाया खाली उतरल्यात!"

पलीकडून एक बाई ओरडत होती, "आमी नवरा-बायको दोघं जातोय, मग अर्धा कोयता कावून मांडला?"

टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. काम आणि मजुरी दोन्ही त्यावर ठरतं. माझ्या ॲपमध्ये अर्ध्या कोयत्याचं वेगळं चित्र होतं. समीरला ते अख्ख्या कोयत्यासारखंच वाटलं, म्हणून त्याने ते काढलं आणि अर्ध्यासाठी तोच कोयता छोट्या साइजमध्ये लावला. लॅपटॉपवर फरक दिसायचा. मोबाइलच्या यादीत जागा कमी, तिथे सगळेच आयकॉन छोटे. अख्खी टोळी अर्धी झाली होती.

"सरांना विचारलंत?"

"इचारलं की. म्हनले, साइज रिस्पॉन्सिव्ह हाय. आता ह्ये बायांला काय सांगू?"

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे स्क्रीन बघून आपोआप लहानमोठं होणारं. तेच तर नडलं होतं.

"दुरुस्त करते. पण ॲप परत माझ्याकडे. आणि तुमचे व्याहीही मुकादमच, त्यांच्या टोळ्यांचंही काम मलाच."

"न्हाई म्हंजे, ट्रक उभा हाय आन् तुमी सौदा करताय?"

"ट्रक हलल्यावर तुम्ही माझा फोन तरी उचलाल का?"

"बरं, दिलं! करा बिगी बिगी."

ॲप ज्यावरून चालतं तो सर्व्हर अजून माझ्याच नावावर होता. तेवढी चावी मी कधी सोडत नाही. समीरची मांडणी उधळून लावावी असं फार मनात आलं, पण ती चांगली होती. मी फक्त पातं मधोमध कापलेला कोयता त्याच्याच फाइलीत वेगळ्या नावाने टाकला आणि एकट्या माणसांपुढे तो लावला. उत्तमरावांनी यादी उघडून त्या बाईला दाखवली. ती आधी चढली, मागून बाकीच्या.

दुपारी समीरचा फोन आला. "अगं, मला सांगायचंस. मीच चटकन केलं असतं."

"माहीत आहे. म्हणूनच नाही सांगितलं."

या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगते. आयकॉन एका जागी ठेवा, एकाच कंपोनंटमधून दाखवा. पण दोन चित्रं सारखी दिसली म्हणून एक उडवू नका. आणि जो अर्थ चित्राने सांगायचा, तो साइजवर सोपवू नका.

संध्याकाळी उत्तमरावांचा मेसेज आला. 'ट्रक पोचला. सरांनाबी निरोप द्या, ॲप झकास पळतंय.'

मी तो निरोप दिलेला नाही.