घरटी एक हात

कॉव्हेंट्रीची आमची शाखा लंडनच्या मराठी मंडळातून फोडून वेगळी करायची का, ते ठरवायला त्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जमलो होतो. बायको जाऊन अडीच महिने झालेले. घरात बसवत नव्हतं म्हणून गेलो, तर तिथंही बसवेना. दोनदा उठून रेडिएटरपाशी जाऊन आलो.

आमच्यात रीत अशी, घरटी एक हात, आणि तो पुरुषाचा. आमच्या घरचा मीच वर करायचो. शाखा लंडनला जोडली तेव्हाही मीच केला. बायको मागं चहाच्या किटलीपाशी होती. परतताना बसमध्ये म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

"तुला काय विचारायचं त्यात?" मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, विषय संपला.

आता हॉलमध्ये हात मोजले. दोन्हीकडं अकरा-अकरा. माझा तेवढा मांडीवर.

सेक्रेटरी पुण्याचा, कम्प्युटरवाला. म्हणाला, "काका, करा की वर! लंडनवाले आपल्याला न विचारता सगळं ठरवतात. पटतं तुम्हाला?"

"नाही पटत. तू तुझ्या बायकोला विचारलंस?"

लोक हसले. तोही हसला. "आमचं दोघांचं मत एकच असतं हो."

"मीपण हेच सांगायचो."

तेवढ्यात मागून त्याची बायको म्हणाली, "मला वेगळं नाही व्हायचं."

"अगं, घरी बोलू ना!"

"घरी बोलले होते. तू फोनवर होतास."

आता कुणी हसलं नाही. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशिनवर होता तो म्हातारा ओरडला, "बायको गेल्यावर सुचलं होय रे तुला?"

"हो. गेल्यावरच सुचलं," मी म्हणालो. "आधी सगळ्यांना विचारा. तोवर माझा हात खालीच."

खूप भांडण झालं. शेवटी पुढच्या रविवारी बायकांसकट सगळ्यांचे हात मोजले. लंडनबरोबरच राहायचं ठरलं. माझा हात वेगळं होण्याच्या बाजूनं होता. हरलो. त्याचं काही नाही.

बसमध्ये शेजारची सीट मोकळी होती. तिचा हात कुठल्या बाजूनं गेला असता, सारखं तेच डोक्यात. चाळीस वर्षं एका घरात काढली, आणि मला सांगता येईना. आपला स्टॉप कधी मागं गेला तेही कळलं नाही.