आमच्या जुन्या गाडीची पेट्रोलची लाइन आणि वडवणीतले तीन दिवस

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर बघायचं असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. नुसतं म्हणत राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही, त्यामुळे जायचं कधी हे शेवटी सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ठरवलं. मंदिरांविषयी तिचं मत मध्यम आहे. तिला हवा होता लांबचा मोकळा रस्ता, आणि त्या रस्त्यावर वडिलांची गाडी एकदा शेवटची चालवून घ्यायची होती.

गाडीविषयी सांगायला हवं. लाल, दोन माणसांची, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, जुनी स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे नाही, सीटच्या मागे. सासरे गेल्यावर ती सुलभाकडे आली आणि मी घरातल्या अग्रक्रमात एक पायरी खाली गेलो. पण गेल्या वर्षी दारातच इंजिनातून ज्वाळ निघाली. ओल्या पोत्यानं विझली. पुण्यातल्या मेकॅनिकनं एक नळी बदलली आणि या जुन्या गाड्या अशाच असतात असं तत्त्वज्ञान सांगितलं. मुंबईचे एक हौशी गृहस्थ गाडी घ्यायला टपून होतेच. सुलभानं त्यांना सांगितलं होतं, ही सहल करून येते, मग कळवते. मला तिनं वेगळं सांगितलं होतं: वाटेत पुन्हा पेटली तर कळवायचंही काही उरलं नाही, देऊन टाकायची.

मंगळवारी सकाळी सहाला पुण्याहून निघालो. नगरपर्यंत रस्ता उत्तम. पुढे कडा, आष्टी, जामखेड. मधे कुठे काम चालू, कुठे झोकदार काँक्रीट. ज्यांची गाडी आमच्यासारखी बसकी आहे त्यांनी गावातले गतिरोधक तिरके घ्यावेत, नाहीतर पोट घासतं. सौताड्याच्या घाटात सुलभा गुणगुणत होती, यावरून काय ते समजा. पावसानं दगा दिलेलं साल. फेब्रुवारीतच ओढे कोरडे, शेतं उघडी, आणि रस्त्यावर पाण्याचे टँकर. पिण्याचं पाणी घरूनच भरून न्या. विकत मिळतं, पण तिथल्या माणसांच्या वाट्याचं आपण कशाला प्यायचं? बीडमध्ये बसस्टँडजवळ पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, दोघांचं मिळून दोनशेच्या आत झालं.

घाटसावळी मागे टाकली आणि पेट्रोलचा वास यायला लागला. सुलभानं विचारलं, तुम्हाला येतोय का? मी पूर्वपक्ष मांडला की वास पुढच्या ट्रकचा असावा. उत्तरपक्ष दोन मिनिटांत मागून आला, धुराच्या रूपानं. धुरावरून अग्नीचं अनुमान कसं करावं हे मी पंचवीस वर्षं कॉलेजात शिकवतो आहे, डोंगराचं उदाहरण देऊन. डोंगर लांब असतो, हे त्या उदाहरणाचं सौंदर्य. इथे अग्नी माझ्या पाठीपासून दोन फुटांवर होता.

सुलभानं गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली, दोघं बाहेर उडी मारून पळालो. तेवढ्यात मी वाचवलं काय, तर चिवड्याचा डबा. सुलभा हे अजून विसरलेली नाही.

मागून येणारा टँकर थांबला. ड्रायव्हर पाइप ओढत धावला. ते पाणी कुठल्यातरी वस्तीच्या वाट्याचं होतं, तिथे घागरी रांगेत लागलेल्या असणार, आणि हा माणूस ते अनोळखी गाडीवर ओतायला निघाला होता.  पण त्याच्यामागून मोटारसायकलवर एक पन्नाशीचे गृहस्थ आले आणि गाडी टाकतानाच ओरडले, "पानी नगं बे! पेट्रोल हाय, पसरंल समदीकडं. माती घे!"

मग सुलभाकडे वळून ते म्हणाले, इंजिनावरचं झाकण पुरतं उघडू नका, हवा लागली की भडकेल. वीतभर फट केली आणि चौघांनी मिळून त्या फटीतून माती फेकली. त्या रानात यंदा दुसरं काही उगवलेलं नव्हतं. कोरडी, भुसभुशीत माती मात्र हवी तेवढी. मिनिटभरात ज्वाळ बसली. ड्रायव्हरनं दोर काढून आमची गाडी टँकरला बांधली आणि वडवणीच्या अलीकडे त्या गृहस्थांच्या अंगणात आणून सोडली. चहासुद्धा न घेता गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं, याची टोचणी आहे.

त्या गृहस्थांचं नाव अंकुशराव. सहकारी साखर कारखान्यात फिटर, तेही डिस्टिलरीत, मळीपासून स्पिरिट आणि इथेनॉल काढतात तिथे. कागदोपत्री तिला आसवनी म्हणतात. मी हा शब्द उच्चारला तेव्हा ते आदरानं हसले आणि पुन्हा डिस्टिलरीच म्हणाले. पावसाअभावी ऊसच नव्हता, म्हणून यंदा कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप संपलं. तोडीला गेलेली गावातली माणसं वेळेआधी परतली, आणि अंकुशराव घरी बसून फवारणीचे पंप, मोटारसायकली दुरुस्त करत होते.

सुलभानं सरळ सांगितलं: गाडी विकायचीच आहे, पुण्यापर्यंत जाईल एवढी करून द्या.

"पुण्यालोक जाईल आन म्होरं पेटंल, असं काम मला येत न्हाई, ताई," अंकुशराव म्हणाले.

 सुलभा झाकण उघडून त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि पुढचे दोन दिवस तिथून फारशी हलली नाही.

दोष कुठे होता ते अंकुशरावांनी बोट ठेवून दाखवलं. आता पेट्रोलमध्ये उसापासूनचं इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या गाडीचं रबर त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेलं. इथेनॉल त्याला हळूहळू खातं, नळी भेगाळते आणि पाझरते. त्यात आमच्या गाडीत पेट्रोलचा फिल्टर आणि नळीचे तीन जोड ऐन तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर लटकलेले. थेंब पडला की खाली आग तयार. "तुमच्या पेट्रोलात आमचाच माल ऱ्हातो," असं ते ओशाळून म्हणाले, जणू घरच्या मुलानं कुणाची काच फोडली. याच तालुक्यांतला ऊस पुण्याच्या पंपावरून आमच्या टाकीत येऊन परत इथेच पेटला असेल, तर त्याला माहेरची ओढ म्हणायचं.

बुधवारी काम सुरू झालं. जुन्या गाडीवाल्यांसाठी थोडं तपशिलात सांगतो, बाकीच्यांनी चहा घ्यावा. एक, फिल्टर इंजिनावरून काढून टाकीजवळ, थंड जागी नेला, आणि प्लास्टिकऐवजी पत्र्याचा घातला. दोन, सरळ धावणाऱ्या जागी रबर काढून बारीक लोखंडी नळी, रबर फक्त दोन्ही टोकांना हातभर. तापलेल्या इंजिनावरचे जोड तीनवरून एकावर आले. तीन, नळी पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडं, म्हणजे पत्र्याची धार तिला कापणार नाही. चार, टाकीखाली मोटारसायकलला असतो तसा कॉक. गाडी उभी केली की बंद करायचा. त्यांचा डिस्टिलरीतला नियम असा की उष्णतेच्या वर जोड नको, आणि जिथे जोड आहे तिथे माणसाचा हात पोचला पाहिजे.

आदल्या दिवशी आम्हीच टाकलेली माती काढण्यात सकाळ गेली. धुवायला पाणी मागायची आमची छाती नव्हती. ब्रश, रॉकेल आणि फुंकणी. घरात टँकर दोन दिवसांआड येत होता, तरी अंकुशरावांच्या पत्नी कौसाबाईंनी आंघोळीला एकेक बादली काढून ठेवली. सुलभानं अर्धी परत नेऊन दिली, तर त्या रागावल्या: "पाव्हन्यानं मापानं न्हायचं अस्तं व्हय?"

या सगळ्यात माझं योगदान घाई करण्याचं. गुरुवारी सकाळी मंदिर, संध्याकाळी परळी, शुक्रवारी परत, असं माझं वेळापत्रक होतं आणि ते मी दर तासाला जाहीर करत होतो. अंकुशराव एकदा एवढंच म्हणाले, "कावून घाई करताव, सर?" पण वडवणीच्या दुकानातून पेट्रोलचा म्हणून मिळालेला रबरी पाइप त्यांनी दिवस मावळायच्या आत बसवून दिला. गाडी सुरू करून बघितली, कुठे थेंब नाही. मी कृतार्थ. पाइपचा उरलेला तुकडा त्यांनी लोणच्याच्या बरणीत, आमच्याच टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला. मला वाटलं, काहीतरी प्रथा असेल.

गुरुवारी मी साडेसातला उठून बाहेर आलो तर अंगणात पोतं पसरलेलं, त्यावर कालची लाइन तुकडे करून मांडलेली. सुलभा बाजूला उभी. अंकुशराव उकिडवे बसलेले, हातात बरणीतला तुकडा. शिजवलेल्या शेंगेसारखा फुगला होता. दाबला तर नखाला काळं लागलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "आधी भिजवायचं, मग बसवायचं. पाव्हन्याची घाई बघून मी उलटं केलं. हा पाइप तुमाला दोन म्हैने गेला असता, ताई. मग फुटला असता."

कालची गाडी चालत होती. त्यांनी तुकडा फेकून दिला असता तर आम्ही आशीर्वाद देत पुण्याला गेलो असतो. माझ्या घाईबद्दल मी माफी मागायला गेलो, तर ते म्हणाले की घाई करणं पाहुण्याचं काम, तिला बळी न पडणं फिटरचं.

बीडच्या दुकानात फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना लागणारा, आतून वेगळ्या रबराचा पाइप होता. दुकानदारानं तो वडवणीला येणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपच्या ड्रायव्हरकडे दिला. कारखान्यात याच जातीचं रबर वर्षानुवर्षं स्पिरिटमध्ये टिकलेलं अंकुशरावांनी पाहिलं होतं, तरी पाइप आल्यावर त्यांनी तुकडा बरणीत टाकलाच आणि शुक्रवार सकाळपर्यंत कशाला हात लावला नाही. मी या वेळी वेळापत्रक खिशात ठेवलं आणि कौसाबाईंच्या शेंगा फोडत बसलो. शुक्रवारी तुकडा होता तसाच निघाला. अकरापर्यंत गाडी तयार.

मी दार उघडून बसणार, तोच अंकुशराव टोपी घालून आले आणि माझ्या जागेवर बसले. त्यांच्या डिस्टिलरीत रीत अशी की ज्यानं जोड मारला त्यानं पहिल्यांदा माल सुटतो तेव्हा जोडापाशी हजर राहायचं. म्हणून धर्मापुरीपर्यंत आपण येणार, असं त्यांनी जाहीर केलं. गाडी दोन माणसांची, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. सुलभानं माझ्याकडे इतक्या करुणेनं पाहिलं की मी मुकाट्यानं वडवणी स्टँडकडे चालायला लागलो.

परळीपर्यंत एसटी, पुढे जीप. तेलगाव, सिरसाळा अशी सगळी वाट मी एका आजोबांच्या खताच्या पिशवीवर पाय ठेवून पाहिली. बायको कुठंय असं त्यांनी विचारलं. पुढे लाल गाडीतून गेली, म्हटल्यावर त्यांनी मला उरलेल्या वाटेत दोनदा तंबाखू देऊ केली.

धर्मापुरीला पोचलो तेव्हा ते दोघं तासभर आधी येऊन मंदिराच्या जोत्यावर पेरू खात बसले होते. वाटेत पाच ठिकाणी थांबून, झाकण उघडून, प्रत्येक जोडावरून बोट फिरवून झालं होतं. शेवटच्या दोन वेळा ते काम सुलभानं केलं आणि अंकुशरावांनी फक्त बघितलं. जोड कोरडे.

मंदिर काळ्या दगडाचं, देखणं. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदऱ्यांपुढे मी व्याख्यानाला सुरुवात केली होती. अंकुशराव इतकी वर्षं याच जिल्ह्यात, पण आजवर इथे आले नव्हते. ते शिल्पांकडे पाहत नव्हते. दोन दगडांच्या मधल्या रेषेवरून अंगठा फिरवत होते.

"चुना न्हाई, काई न्हाई. सुई जायची न्हाई, सर. हे ज्यानं केलं त्याला घाई नव्हती."

मी व्याख्यान आवरतं घेतलं. 

परळीपर्यंत मी पुन्हा जीपनं आलो; तिथल्या स्टँडवर आम्ही त्यांना एसटीत बसवलं. मजुरी घेताना बुधवारचा दिवस त्यांनी धरला नाही; आम्ही खूप आग्रह केला, उपयोग झाला नाही. परळीत देवस्थानाजवळ स्वच्छ, स्वस्त लॉज मिळतात. शनिवारी परत निघालो, वडवणीला कौसाबाईंना गाडी दाखवली, चिवड्याचा डबा तिथेच दिला आणि संध्याकाळी पुण्यात. वास नाही, थेंब नाही.

अशी गाडी घेऊन निघणाऱ्यांना माझा सल्ला थोडका: आग विझवायचं लाल नळकांडं सीटमागे ठेवा, आमच्याकडे आता आहे. नवा पाइप बसवण्याआधी त्याचा तुकडा पेट्रोलमध्ये दिवसभर बुडवून बघा. आणि वेळापत्रक घरी ठेवा.

पुण्याला आल्यावर दोन दिवसांनी त्या मुंबईच्या गृहस्थांचा मला फोन आला. सुरात तक्रार होती. बाईंनी नाही म्हणून कळवलं ते ठीक, पण परत येऊन, गाडी डोळ्यांपुढे ठेवून, शांतपणे विचार करून तरी कळवायचं. मला या नकाराची वार्ताच नव्हती. कधी कळवलं, असं मी विचारलं. गुरुवारी, ते म्हणाले, सकाळी आठच्या आत.

फोन ठेवून मी आठवत बसलो. गुरुवारी सकाळी आठला आमच्या गाडीत पेट्रोलची लाइन नव्हतीच. ती तुकडे होऊन पोत्यावर पडली होती, आणि अंकुशराव तिच्यासमोर उकिडवे बसून आपलं काय चुकलं ते सांगत होते.